दुर्गादेवीचा दुष्काळ आणि ‘हे तर पूर्वीपासूनच आहे’

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. जुन्या टोलनाक्यामुळे हे नाव महामार्गाने जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक आहे. दौंड तालुक्याचा हा सगळा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडेल तेव्हा. खडकवासल्याचा कालवा आला म्हणून ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली. कालव्याचे पाणी पोचत नाही तिथे अजूनही आभाळाकडे बघूनच पेरणी होते. अशा गावांत हवामानबदलाचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. ‘हवामान काय आजच बदलतंय? दुर्गादेवीच्या दुष्काळात बारा वर्षं पाऊस नव्हता म्हणतात. तेव्हा कुठं गाड्या होत्या, कुठं कारखाने होते?’

प्रश्न बिनतोड वाटतो. शहरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या गप्पांतही तो असतोच. तिथे फक्त दुर्गादेवीच्या जागी ‘मध्ययुगीन उष्ण काळ’ येतो, ग्रीनलंडमध्ये शेती करणारे व्हायकिंग येतात आणि इंग्लंडमधले द्राक्षमळे येतात. पर्यावरणाची कळकळ असलेले लोक हा प्रश्न हसण्यावारी नेतात. ती चूक आहे. हवामान माणसाच्या हाताविनाही बदलते, मध्ययुगात ते बदललेही होते आणि त्याचा तडाखा याच मुलखाला बसला होता. प्रश्न आहे तो या माहितीवरून काय अनुमान काढायचे याचा.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘हे तर पूर्वीपासूनच आहे’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते. खोकला किती दिवस आहे? ‘हा जुनाच आहे, विडीचा.’ जुना खोकला खोटा नसतो. पण महिन्याभरात आठ किलो वजन उतरले असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर जुन्या खोकल्याचा दाखला ऐकून कोणी डॉक्टर रुग्णाला घरी पाठवत नाही. तो एक्स-रे काढतो, थुंकी तपासायला पाठवतो. जुने कारण खरे असूनही नवा आजार असू शकतो, हे वैद्यकशास्त्रात पहिल्या वर्षांत शिकवतात. हवामानाच्या वादात मात्र भलेभले ते विसरतात.

आधी इतिहास काय सांगतो ते पाहू. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात, आणि पुढे १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये, दुर्गादेवीच्या दुष्काळाची हकीकत आहे. १३९६ साली तो सुरू झाला आणि बारा वर्षे चालला, असे सांगतात. मुलूखच्या मुलूख ओस पडले. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या प्रदेशातून पुढची तीसेक वर्षे सरकारला नावापुरताच वसूल मिळाला. डोंगरी किल्ले आणि ठाणी पाळेगारांच्या आणि लुटारूंच्या हाती गेली.

१४२९च्या सुमारास बहमनी दरबाराने हा मुलूख पुन्हा वसवण्यासाठी माणसे पाठवली. त्यांत दादू नरसू काळे नावाचा अनुभवी कारभारी होता. जुन्या गावांच्या खुणासुद्धा उरल्या नव्हत्या, असे गॅझेटिअर सांगते. शेवटी दोन-दोन, तीन-तीन जुन्या गावांची जमीन एकत्र करून नवी गावे बसवली. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी घोड्याच्या तोबऱ्यात मावेल एवढे धान्य द्यायचे.

हा तोबरा नीट पाहण्यासारखा आहे. मध्ययुगातले कोणतेही राज्य सारा सुखासुखी सोडत नसे. जमीन फुकट देऊन, एवढ्याशा धान्यावर समाधान मानून माणसे बोलवावी लागतात, याचा अर्थ कसायला माणूसच उरलेले नव्हते. मृतांचा आकडा कोणी लिहून ठेवला नाही. पण तीस वर्षांनंतरची ही सवलतच त्या आकड्याचा अंदाज देते. भीमेच्या खोऱ्यातल्या आजच्या अनेक गावांच्या शिवारांत अशी एखाद-दोन नाहीशी झालेली गावे मिसळलेली असतील.

आता या पुराव्याची कमकुवत बाजू. ग्रँट डफने हे लिहिले तेव्हा त्या घटनेला चारशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती. फिरिश्ता हा इतिहासकार त्या मानाने जवळचा, पण तोही लिहितो सतराव्या शतकाच्या आरंभी. दुसरा महंमदशहा बहमनी याने दुष्काळात माळवा आणि गुजरातेतून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल लावले, असे तो सांगतो. या सुलतानाची कारकीर्द १३७८ ते १३९७, म्हणजे काळ साधारण जुळतो, पण साल सालाला जुळत नाही. शिवाय ‘बारा वर्षे’ हा आकडा आपल्याकडच्या कथांना फार प्रिय आहे. वनवासही बारा वर्षांचा, तपश्चर्याही बारा वर्षांची, कुंभमेळाही बारा वर्षांनी. सलग बारा वर्षे पाऊस अजिबात नव्हता, हे शब्दशः घेण्याचे कारण नाही. एकामागून एक खराब वर्षे, मध्ये एखादे बरे, पण तोवर बियाणे खाऊन संपलेले आणि बैल मेलेले, असे चित्र जास्त पटण्यासारखे आहे.

मग खरे-खोटे कसे ठरवायचे? त्या काळी पर्जन्यमापक नव्हते. इथे एक वैद्यकीय उदाहरण उपयोगी पडेल. मधुमेहाचा रुग्ण तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करतो आणि उपाशीपोटीची साखर छान दाखवतो. मग डॉक्टर ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीए१सी, तपासतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तेव्हा कोणी रोज मोजमाप केले नव्हते, तरी शरीराने नोंद ठेवलेली असते. पृथ्वीही अशा नोंदी ठेवते. झाडांची वाढवलये, ध्रुवप्रदेशातला बर्फ, तलावांच्या तळाचा गाळ आणि गुहांमधले लवणस्तंभ ही तिची एचबीए१सी.

छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. कासुर्डीपासून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटर. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचून तिथे स्तंभ तयार झाले आहेत. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये हलके आणि जड असे दोन्ही अणू असतात. मोसमी पाऊस जोरदार असेल तेव्हा पाण्यातले जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, कमजोर असेल तेव्हा वाढते. तेच प्रमाण चुन्याच्या थरात कायमचे बंद होते. थर कोणत्या काळातला हे त्यातल्या युरेनियमचे थोरियममध्ये किती रूपांतर झाले यावरून काढता येते. आशीष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या गुहेतल्या स्तंभावरून इ.स. ६०० ते १५०० अशा नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख मांडला. चौदाव्या शतकाचा बराच काळ आणि पंधराव्या शतकाचा मध्य यांत मोसमी पाऊस दशकेच्या दशके अशक्त राहिल्याचे त्यात दिसते. दुर्गादेवीचा दुष्काळ अशाच एका अशक्त टप्प्यात बसतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी ज्या दुष्काळात सरकारी कोठारे खुली केल्याची कथा सांगतात, तोही पंधराव्या शतकातलाच.

म्हणजे लोकांच्या आठवणीतल्या दुष्काळाला दगडाने दुजोरा दिला. तरीही अतिउत्साह नको. गुहा आठशे किलोमीटर दूर आहे आणि मध्य भारतात ओढ बसली म्हणजे भीमेच्या खोऱ्यात तेवढीच बसली असे नाही. थरांच्या वयात थोड्याफार वर्षांची चूक राहतेच, त्यामुळे १३९६ साली असे झाले आणि १३९७ साली तसे, हे त्यातून वाचता येत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण पाऊस किती पडला यावर ठरते, तसेच बाष्प कुठून आले यावरही ठरते, आणि यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागाच्या वलयांवरून पाचशेहून अधिक वर्षांची नोंद तयार केली. पण ती १४८१ पासून सुरू होते, दुर्गादेवीचा साक्षीदार म्हणून ती उभी राहू शकत नाही. एका तपासणीवर निदान ठरवू नये, हा नियम इथेही लागू आहे. मात्र तोंडी परंपरा, फिरिश्ता आणि गुहा असे तीन वेगवेगळ्या जातीचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर निदान बऱ्यापैकी पक्के समजायला हरकत नसते.

आता युरोपकडे वळू, कारण वादाचे मूळ तिकडे आहे. ह्यूबर्ट लँब या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६५ मध्ये मध्ययुगातल्या उबदार कालखंडाची कल्पना मांडली. त्याचा आधार मुख्यतः इंग्लंड आणि पश्चिम युरोपातल्या नोंदी होत्या. साधारण इ.स. १००० ते १२०० हा काळ तिकडे उबदार होता आणि नंतर काही शतके थंडी वाढली, असे त्याचे म्हणणे. पुढे लोकांनी ‘इंग्लंड’ गाळले आणि ‘जग’ घातले. १९९८-९९ मध्ये मायकेल मान आणि सहकाऱ्यांनी हॉकीच्या काठीसारखा दिसणारा तापमानाचा आलेख काढला. त्यात मध्ययुगाचा उंचवटा फारसा दिसेना, म्हणून अमेरिकेत मोठे रणकंदन झाले. त्या रणकंदनात विज्ञान थोडे आणि राजकारण फार होते. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने निकाल दिला तो असा: गेल्या चारशे वर्षांबद्दल भरवसा पक्का, त्याआधीच्या काळाबद्दल कमी. हा निकाल दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचला.

वाद निवला तो जास्त ठिकाणच्या नोंदी हाती आल्यावर. २०१९ मध्ये राफाएल न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र तपासल्या. औद्योगिक काळापूर्वीचे उबदार आणि थंड कालखंड सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी आले नव्हते; युरोप उबदार असताना दुसरीकडे तसे नव्हते. याउलट, गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उष्ण काळ पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागासाठी विसाव्या शतकातच येतो. म्हणजे पूर्वी अंगाचा एखादा भाग तापत होता, आता सगळ्या अंगाला ताप आहे.

आपल्यासाठी आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘उष्ण काळ’ हे नावच दिशाभूल करणारे आहे. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ स्कॉट स्टाइन यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या परिसरातले जुने बुंधे तपासले. आज पाण्यात असलेल्या जागी मध्ययुगात झाडे वाढली होती, म्हणजे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आटलेले होते. त्यांचा हिशेब असा की तिथे एक अवर्षण दोनशेहून अधिक वर्षे टिकले आणि दुसरे एकशे चाळीसहून अधिक. लोकांनी तापमानाऐवजी पाण्याकडे बघावे म्हणून त्यांनी ‘मध्ययुगीन हवामान विसंगती’ हा शब्द सुचवला. महाराष्ट्रात तोच योग्य आहे. दौंडच्या शेतकऱ्याला सरासरी तापमान पाव अंशाने वर गेले की खाली आले याचे सोयरसुतक नसते; जून-जुलैत ओल झाली का, हे त्याला कळते.

हे बदल कशाने झाले? सूर्याच्या तेजात किंचित चढउतार. मोठे ज्वालामुखी, १२५७ साली इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर सामालासचा झालेला स्फोट गेल्या काही हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. आणि प्रशांत महासागराचा स्वभाव. मध्ययुगाच्या त्या शतकांत पूर्व प्रशांत महासागर तुलनेने थंड, म्हणजे ला निनासारखा, असावा असे अनेक अभ्यास सुचवतात. अशा वेळी अमेरिकेचा पश्चिम भाग कोरडा पडतो आणि भारतात पाऊस बरा होतो. पुढे ही घडी विस्कटली. इथे एक मोह टाळायला हवा. कासुर्डीच्या दक्षिणेला डोंगरावर भुलेश्वराचे यादवकाळातले मानले जाणारे देखणे देऊळ आहे. पाऊस चांगला होता म्हणून देवळे उभी राहिली आणि पाऊस गेला म्हणून यादव गेले, असे एका ओळीत सांगणारे लेख हल्ली फार दिसतात. देवगिरीवर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला होता. त्याचा दोष पावसाला देता येत नाही.

हवामानावर सगळे ढकलण्याचा हा मोह जुना आहे, आणि त्यावरचा एक चांगला वाद याच परिसरातला आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स. पूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानची ही शेतकऱ्यांची वस्ती. मध्ययुगाच्या कितीतरी आधीची. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, मग वस्तीच उठली. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढता कोरडेपणा असे सांगितले. तिथल्या घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे दोष तपासले. गर्भात किंवा तान्हेपणी पोषण बिघडले की दातांवर खूण राहते, हे बालरोगतज्ज्ञांना नवे नाही. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांवर काम केले आणि २०११ च्या पुस्तकात अखेरच्या टप्प्यातल्या मुलांची वाढ खुंटल्याचे दाखवले. पण ढवळीकरांचे कारण त्यांना पटले नाही. कोरडे हवामान वस्ती बसण्याच्या आधीपासूनच होते, मग वस्ती उठायला तेवढेच कारण कसे पुरेल, असा त्यांचा मुद्दा. जमीन, पिके आणि लोकांनी घेतलेले निर्णय यांकडेही बघायला त्या सांगतात.

दुष्काळात माणूस कशाने मरतो याचा विचार केला की हा मुद्दा आणखी पटतो. नुसत्या भुकेने मरणारे थोडे. विहिरी तळाला जातात, लोक मिळेल ते पाणी पितात, जुलाब आणि पटकी पसरते. माणसे घर सोडून छावण्यांत गर्दी करतात, गोवर आणि देवीसारखे रोग फिरतात. खंगलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती गेलेली असते. आणि सर्वांत क्रूर भाग म्हणजे पाऊस परत आल्यावर डास वाढतात, हिवतापाची साथ येते आणि दुष्काळातून तगलेलेही जातात. १६३०-३२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात देहूला तुकारामांच्या घरात मृत्यू झाले असे परंपरा सांगते. १८७६-७८ चा दुष्काळ जागतिक होता, झाडांच्या वलयांतही तो स्पष्ट दिसतो; त्यामागे नैसर्गिक एल निनोच होता. पण त्यात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक लोक दगावले ते केवळ एल निनोमुळे नाही. मदतकामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवली. एवढ्यावर काम करणारे शरीर टिकणार नाही, असे मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी लेखी बजावले. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू लावून धरली. डॉक्टरने सरकारी नोकरीत राहून सरकारला आकड्यांनिशी चूक दाखवल्याचे ते उदाहरण वैद्यकीय अभ्यासक्रमात असायला हवे; नाही.

त्या शेजारी १९७२ ठेवून पाहा. पावसाने तेव्हाही दगा दिला. पण दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, शाळांतून सुकडी वाटली जात होती, परदेशातून आणलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती. हाल झाले, गुरे गेली, लोकांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. तरी ओस गावांची ती जुनी कथा पुन्हा घडली नाही.

मग ‘हे तर पूर्वीपासूनच आहे’ याचे काय करायचे? एखादा रुग्ण सांगतो की वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला, आजोबाही तसेच गेले. हे ऐकून कोणता डॉक्टर म्हणेल की घराण्यातच आहे, तेव्हा तंबाखू चालू ठेवायला हरकत नाही? तो केसपेपरवर लाल शाईने ‘कौटुंबिक इतिहास’ लिहितो आणि बाकीच्यांपेक्षा या माणसाला जास्त जपतो. दुर्गादेवीचा दुष्काळ हा या मुलखाचा कौटुंबिक इतिहास आहे. माणसाने काहीही न करता, निव्वळ निसर्गाच्या लहरीने, इथला पाऊस दशकेच्या दशके अशक्त होऊ शकतो, हे त्यातून कळते. ही माहिती निर्धास्त करणारी कशी वाटते, हेच कोडे आहे.

तंबाखूची भर कुठून पडते आहे, हेही आता संशयाच्या पलीकडे आहे. मध्ययुगात हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, हे ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. आज ते ४२० च्या वर आहेत. सूर्य तापल्याने पृथ्वी तापली असती तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. उपग्रहांना ते थंड होताना दिसतात. १९७८ पासून उपग्रह सूर्याचे तेज मोजत आहेत, त्यात वाढ नाही. मध्ययुगातले आरोपी तपासून झाले, त्यांनी या वेळी गुन्हा केलेला नाही. २०११ ते २०२० या दशकात जग औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे १.१ अंशाने गरम होते आणि २०२४ हे दीड अंशाची रेघ ओलांडणारे पहिले वर्ष ठरले. मध्ययुगातले जागतिक चढउतार अंशाच्या काही दशांशांतले होते.

आणि निसर्गाच्या लहरी काही निवृत्त झालेल्या नाहीत. एल निनो येतच राहणार, ज्वालामुखी फुटतच राहणार. फरक इतकाच की आता ते अंगात ताप असलेल्या माणसावर येऊन आदळतात. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत दौंड होता, शिरूर होता, पुरंदर, बारामती आणि इंदापूरही होते. दुसरे टोकही आहे. पाषाणच्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. सरासरी पाऊस तेवढाच दिसतो आणि पीक मात्र आधी करपते, मग वाहून जाते.

काही जण म्हणतील, कालवा आहे, धरण आहे, आता दुर्गादेवी येणार नाही. १९७२ पाहता यात तथ्य आहे. पण धरणही पावसानेच भरते, आणि त्याच पाण्यावर आता पुणे शहराचाही हक्क आहे. दशकभर अशक्त राहिलेला पाऊस या व्यवस्थेने अजून पाहिलेला नाही. १९७२ ची परीक्षा एक-दोन वर्षांची होती.

टंचाईचे वर्ष आले की तालुक्याची यंत्रणा टँकर आणि चारा मोजते. ते मोजायलाच हवे. पण त्याच तालुक्यात दर महिन्याला अंगणवाडीत प्रत्येक मुलाचे वजन घेतले जाते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जुलाबाच्या, तापाच्या आणि उन्हाळ्यात उष्माघाताच्या नोंदी होतात. महसूल मंडळात स्वयंचलित पर्जन्यमापक आहे. तीनही आकडे एकाच गावचे, एकाच महिन्याचे. ऑगस्ट कोरडा गेला तर कासुर्डीतल्या दोन वर्षांच्या मुलांचे वजन डिसेंबरपर्यंत वाढायचे थांबते का, हे बघायला नवे यंत्र लागत नाही की नवा निधी. इनामगावच्या मुलांची वाढ खुंटल्याचे तीन हजार वर्षांनी हाडांवरून कळले. इथे वही उघडली तर त्याच आठवड्यात कळेल. पुढच्या टंचाई आढावा बैठकीत टँकरच्या यादीशेजारी ती वही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ठेवावी, आणि वजन घटलेल्या गावांना पोषण आहार वाढवून देण्याचा अधिकार त्याच बैठकीला असावा.